बहुमताचा भूतकाळ

माझ्या इंग्रजीचं कौतुक नंतर करा, आधी आमच्या कामोठ्याच्या सोसायटीत मी कशी हरले ते ऐका. गणपतीत इंग्रजी शब्द जुळवायची स्पर्धा होती. फायनलला मी, वीस वर्षं इंग्रजी शिकवणारी बाई, आणि समोर आमचे सेक्रेटरी सावंतकाका. त्यांनी शेवटचा शब्द लावला, 'ईटेड'.

मी म्हटलं, "काका, असा शब्दच नाही. 'ईट'चा भूतकाळ 'एट'."

"का? 'वॉक'चं 'वॉक्ड' चालतं ना? नियम सगळ्यांना सारखा पाहिजे."

मी मोबाइलवर डिक्शनरी उघडून दाखवली.

"ही आपल्या सोसायटीची मेंबर आहे का?" काका म्हणाले आणि मंडपाकडे वळले. "शब्द मंजूर असेल त्यांनी हात वर करा."

पटापट हात वर झाले. दुसऱ्या रांगेत माझा नवरा, तो तर दोन्ही हात वर करून!

घरी आल्या आल्या मी भडकले. "अरे, तूपण?"

"रविवारी पार्किंगचं वाटप आहे," तो शांतपणे म्हणाला.

वर्गात मी अजूनही 'ईटेड'वर लाल रेघ मारते. गाडी मात्र त्याच शब्दाच्या जिवावर लिफ्टसमोर उभी असते.