तुमच्या भावाला झोप लागलीच नव्हती

हॅलो? … हां ताई, बोला… नाही हो, कपड्यांच्या घड्या घालतेय. हे गॅलरीत झाडांना पाणी घालतायत. ऐका, परवा पाठवलेला व्हिडिओ बघितलात ना? … हसा, हसा. सख्खा भाऊ आहे तुमचा…

हो, संमोहनवाल्या डॉक्टरीणबाईंकडचाच. सिगारेट सोडवायला गेलो होतो… अहो, जाताना रस्ताभर मला ऐकवत होते. 'ही भानगड बायकांना लागू पडते, मनं हळवी ना. मी नाही बधायचा. वाटल्यास शूटिंग कर' … मग? केलं की.

नाही, बाई म्हणाल्या, बाई-पुरुष असा फार फरक नसतो, ज्याच्या त्याच्यावर असतं… आधी मला बसवलं. हे बाहेर शेवटची ओढत होते. 'हात हलका होतोय, वर चाललाय' म्हणे. कसला वर जातोय, माझं सगळं लक्ष गॅस बंद केला की नाही याच्यात… मग यांची पाळी. ताई, शाळेत उत्तर येत असल्यासारखा हात वर. आणि घोरणं ऐकलंत ना?

उठल्यावर म्हणतात कसे, 'बाईंना वाईट वाटू नये म्हणून डोळे मिटले' … हो, अगदी असंच. पण तेव्हापासून सिगारेटला हात नाही. मूड नाही म्हणे. मीही सांगून टाकलं, शूटिंग काही जमलं नाही, झोप मलाच लागली, तुम्ही खमके…

कशाला काय ताई? आपण ढाराढूर झोपलो होतो हे यांना कळलं, तर नुसत्या हट्टापायी पाकीट आणतील. यांच्या छातीत दुखलं तेव्हा माझी काय अवस्था झाली होती, पाहिलीत ना तुम्ही. पुन्हा नको मला ते. म्हणून म्हणते, तो व्हिडिओ यांना…

काय? … पाठवलात? … परवाच? … अहो ताई, काय केलंत हे…

थांबा. बघितला त्यांनी? … आणि? … 'तिला सांगू नकोस'? … 'मला कळलं म्हटलं तर धास्ती घेईल, आता कुठे नीट झोपतेय' … असं म्हणाले?

… आहे, आहे मी. रडत नाहीये… बरं, रडतेय.

म्हणजे काल शेजाऱ्यांना 'आमची ही चुटकीसरशी झोपली' म्हणून रंगवून सांगत होते, ते सगळं ठाऊक असून? … लबाड माणूस.

ताई, एक करा. मला कळलंय हे यांना सांगू नका… नाही, शपथ घ्या. चालू दे असंच.

आले वाटतं… हो ना ताई, मला तर बाई बोलायला लागल्या आणि डुलकीच लागली. आम्हा बायकांचं असंच… हे? हे कसले झोपतायत. टक्क जागे होते… नाही, यांच्याकडे देत नाही फोन. तुमचं हसू थांबत नाहीये अजून. ठेवते.