पांढरी जीभ

—हळू बोला, सिस्टर, सूनबाई आत पाजतेय. मागच्या खेपेला तुम्ही बाळाला थेंब दिलेत, हिला मलम दिलंत, मग? आलंच की पुन्हा नातीच्या तोंडात पांढरं! तुम्ही म्हणता बुरशी. असेल बाई. मला मात्र वेगळाच वास येतोय — डब्याचं दूध! चोरून पाजत असणार, दुसरं काय? काय म्हणता, दूध असतं तर पुसून निघालं असतं? पुसलं की मी, मऊ कापड बोटाला गुंडाळून — निघालं नाही, खाली लालेलाल झालं, पोर किंचाळली. तरी माझ्या मनातलं काही जात नाही.

कपाट पाहिलं मी तिचं. पाहिलं म्हणजे — कपडे ठेवायचे होते धुतलेले. मग कॉटखाली पाहिलं. डबा नाही सापडला, बॅग सापडली! दुपटी, लंगोट, टोपडी, सगळं भरून तयार. माहेरी निघालीय, आणि मला कुणी एका शब्दानं विचारलेलं नाही. पोर गेली तर मी या घरात काय भिंतींशी बोलू?

आणि ते रडणं! बाळ छातीशी आलं की हिचे डोळे भरलेच. आग होते म्हणे, पाजून झाल्यावरही आतून काचा टोचतात. आम्ही नाही का पाजलं? पाजायचं सोडायला निमित्त हवंय, झालं — खरंच दुखतं? असं? आणि दोघींना एकदम औषध दिलं नाही तर एकमेकींना परत लागतं? बरं, पण मलम लावते ती नेमानं, मी दाराआडून — म्हणजे दिसतं ना येता-जाता. थेंबही चुकवत नाही. मग येतं कुठून? चोखणी? उकळते हो, उठल्यासुटल्या पातेलं चढवते. पण ती चोखणी सारखी पडते खाली, दर वेळी मी कुठे पाणी उकळत बसू? मी आपली तोंडात घालते, चोखून स्वच्छ करते आणि देते पोरीला. माझा मुलगा असाच वाढला, काय झालं त्याला?

अशा काय बघताय?

माझ्या तोंडाला काय धाड भरलीय! तिखट झोंबतं हल्ली जरा, कवळीखाली चुरचुरतं — वयाचं आहे ते. कवळी झोपताना? छे, नाही काढत, बोळकं तोंड कुणी पाहिलं म्हणजे? हो, जिभेवर आहे पांढरं, चहाचं असेल... चहाचंच ना?

बॅटरी कशाला काढलीत? म्हणजे औषध दोघींना नाही — तिघींना? आणि मी इतके दिवस त्या सुनेवर... थांबा. दार लोटून घ्या आधी. नको — राहू द्या, उघडंच राहू द्या. कवळी काढली की मला धड बोलता येत नाही, म्हणून आत्ताच बोलते. सूनबाई! ऐकतेस ना? तुझ्याकडे डबा नव्हता. मी शोधला होता.

घ्या, बघा आता.