वाढत्या अंगाची मोटारसायकल

नाव वर लिहून घेतलेलं आहे. बोलावताना मात्र सगळे आत्या म्हणतात, ज्यांची मी कोणी लागत नाही तेसुद्धा. वय चोपन्न वर्षं. धंदा शिवणकाम, त्यातही मुख्यतः शाळेचे गणवेश. राहणार, दुकानाच्या माळ्यावर.

मी पोलीस स्टेशनात समक्ष हजर असून हवालदारसाहेबांनी विचारल्यावरून सांगते, की लाल मोटारसायकल मीच नेली. चोरली नाही. टेम्पोत सापडलेली निळी मोटारसायकलही चोरीची नाही. तिला नंबरप्लेट का नाही, तर ती रस्त्यावर चालवायची गाडी नव्हे, ट्रॅकवर चालवायची आहे. आणि ती माझ्या कमरेलाही का पोचत नाही, तर ती लहान मुलांची आहे. हे दोन्ही प्रश्न हवालदारसाहेबांनी आज दुपारी मला भर चौकात विचारले होते. तेव्हा मागे गाड्यांची रांग लागून सगळे हॉर्न वाजवत होते, म्हणून नीट सांगता आलं नाही. आता सविस्तर सांगते.

लाल मोटारसायकल चोरीला गेल्याची तक्रार देणारा माझा धाकटा सख्खा भाऊ आहे. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर जातो. सध्या तो समोरच्या बाकावर बसलेला आहे. त्याच्या शेजारी त्याची मुलगी बसली आहे, वय नऊ, घरात तिला भिंगरी म्हणतात. भावाने माझ्याशी बोलायचं नाही असं ठरवलेलं दिसतं.

भिंगरीला मोटारसायकलच्या शर्यतीचं वेड कुठून लागलं, हे मी पुष्कळ शोधलं, पण पत्ता लागला नाही. आमच्या घराण्यात कोणी सायकलसुद्धा जोरात मारलेली नाही. शहराबाहेर एक वळणावळणांचा छोटा ट्रॅक आहे. तिथे सुट्टीच्या दिवशी मुलांना लहान मोटारसायकलींवर शर्यतीचं शिकवतात. शिकवणारी बाई पूर्वी स्वतः शर्यतीत उतरायची. तिने भिंगरीला ट्रॅकवरची गाडी देऊन पाहिली आणि हिला पाठवत जा म्हणाली. उद्या भिंगरीची पहिली शर्यत आहे, आणि त्यात प्रत्येक मुलाने आपापली गाडी आणायची आहे. म्हणून ही मोटारसायकल घेण्याची गोष्ट निघाली.

गाडी पसंत करायला भाऊ आणि मी गेलो होतो. भिंगरीला नेलं नव्हतं, कारण भावाला तिला चकित करायचं होतं. मुलगी नसताना तिची गाडी कशी पसंत करणार, असं हवालदारसाहेबांनी आत्ता विचारलं. त्याचं उत्तर असं, की तिची सगळी मापं मला तोंडपाठ आहेत. तिचा एकही कपडा आजवर दुसऱ्या कोणी शिवलेला नाही.

दुकानात मुलांच्या दोनच गाड्या होत्या. एक लहान, बिनगिअरची. दुसरी ही लाल, गिअरची, पहिलीपेक्षा हातभर लांब आणि दिसायला फक्कड. मला चौकशा करायची खोड आहे, त्यामुळे मी पेट्रोल कुठे घालतात इथपासून ते मूल पडलं तर हँडलचं काय होतं इथपर्यंत सगळं विचारलं. दुकानदाराने मुलीची उंची विचारली. मी सांगितली. सांगताना सवयीने माया धरून सांगितली.

माया म्हणजे काय असं विचारल्यावरून सांगते, की शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला आमच्यात माया म्हणतात. मूल वाढलं की शिवण उसवायची, आतलं कापड बाहेर काढायचं, कपडा मोठा होतो. गणवेशात माया ठेवली नाही तर पुढच्या वर्षी आईबाप माझ्या दुकानात भांडायला उभे राहतात. मी जन्मभर मुलांना आज आहेत त्यापेक्षा थोडं मोठंच मोजत आले आहे.

दुकानदार म्हणाला, "लहान गाडी तिला वर्षभरात लहान होईल." भावाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "मग वाढत्या अंगाची घे. माया ठेवून घे." भावाने मायेने गाडी घेतली, ती ही लाल. घेताना त्याचा चेहरा असा काही फुलला होता, की मी पुढच्या चौकशा केल्या नाहीत. आमची आई लवकर गेली. त्यानंतर भावाचे कपडे मीच शिवायची. त्याच्या पँटला दरवर्षी दुमड उसवल्याची एक नवी रेघ दिसायची, वर्गातली पोरं त्या रेघा मोजायची. अंगाबरोबर बसणारा कपडा त्याला पहिल्यांदा मिळाला तो कामावरचा गणवेश. एवढं सगळं जबाबात घ्यायची गरज आहे का, असं मी विचारलं. हवालदारसाहेब म्हणाले, तुम्ही बोला, मी लिहितो.

आता खांद्याच्या पॅडांचं सांगते. ते मी आधीच सांगणार होते, पण मोटारसायकलीचं बोला असं सांगण्यात आलं.

गेल्या आठवड्यात माझ्या डब्यातले खांद्याचे पॅड गायब झाले. कोटाच्या खांद्यात घालतात ते, कापसाचे, अर्धगोल. आता हे कोण चोरणार. सोनं नाही, खायची वस्तू नाही. आधी मी उंदरावर संशय घेतला. मग काज-बटण करायला येणाऱ्या बाईवर घेतला आणि तिला आडून आडून विचारून पाहिलं. ती दोन दिवस फुगून बसली. माझ्या डोक्यातून मात्र ते पॅड जाईनात. रात्री डोळा लागता लागता वाटायचं, कोणाचे खांदे इतके पडले असतील.

काल संध्याकाळी भिंगरी शर्यतीचा चामडी सूट घेऊन आली. ट्रॅकच्या बाईने एका मोठ्या झालेल्या मुलाचा दिला होता, तो तिच्या अंगाबरोबर करायचा होता. मी तिला स्टुलावर उभं केलं आणि टेप लावली. कमरेपासून घोट्यापर्यंत माप जुनंच भरलं. पण घोट्यापासून स्टुलापर्यंत मुलगी वाढली होती. घोट्याखाली कोणी वाढत नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली. मी म्हटलं, बूट काढ. ती म्हणाली, नको. मी म्हटलं, काढ गं. बुटात माझे पॅड निघाले, दोन्ही पायांत एकावर एक घातलेले, आणि टाचेखाली दाबून दाबून त्यांच्या पार चपात्या झालेल्या.

मी तिच्या खनपटीला बसले. बराच वेळ तिने ताकास तूर लागू दिली नाही. मग म्हणाली, "आत्या, माझे पाय पोचत नाहीत."

लाल गाडीवर बसल्यावर तिचे फक्त चवडे टेकतात, तेही एका वेळी एकाच बाजूचे. बिल्डिंगच्या आवारात भाऊ तिच्याकडून रोज सराव करून घ्यायचा. ती भिंतीला पाय लावून निघायची आणि थांबायलाही भिंतीशीच यायची. भाऊ मला कौतुकाने सांगायचा, की पोरगी भिंतीला कशी स्टाइलने टेकते बघ. तिच्या हनुवटीवर जो ओरखडा आहे तो, ती सांगत होती तसा, दोरीच्या उड्या मारताना पडल्याचा नाही. मी तिला विचारलं, की उद्या ट्रॅकवर काय करणार होतीस. ती म्हणाली, "तिथे भिंत नाही, म्हणून तर पॅड घेतले."

मी टेप गुंडाळून ठेवली. मी म्हटलं, बाबाला का नाही सांगितलंस. तर म्हणाली, बाबाला सांगू नकोस. मी कबूल केलं. मी भावाला सांगितलेलं नाही, मी पोलिसांना सांगते आहे. भाऊ समोर बसून ऐकतो आहे, त्याला माझा इलाज नाही.

आज सकाळी भाऊ कामावर गेल्यावर मी भिंगरीला सुटाची ट्रायल आहे म्हणून बोलावलं. लाल गाडीला लावलेल्या साखळीची एक किल्ली माझ्याकडे असते, कारण भाऊ किल्ल्या हरवतो. माझे गणवेशाचे गठ्ठे पोचवणारा टेम्पोवाला ओळखीचा आहे, त्याने लाल गाडी टेम्पोत चढवली. कुठे चाललो हे त्याला वाटेत सांगितलं, त्याचा यात दोष नाही. चिठ्ठी ठेवली नाही, कारण चिठ्ठीत खरं लिहिलं असतं तर मुलीला दिलेला शब्द मोडला असता, आणि खोटं मला लिहिता येत नाही. भाऊ जेवायला घरी येईल हे लक्षात आलं नाही. मोबाइल दुकानात कापडाखाली राहिला. त्यावर भावाचे फोन येऊन गेले, हे मला इथे आल्यावर कळलं.

ट्रॅकच्या बाईने भिंगरीला लाल गाडीवर बसवलं आणि नुसतं बघितलं. मी विचारलं, तुम्ही काय बघता. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. ती म्हणाली, "आत्या, तीन गोष्टी बघते. दोन्ही टाचा जमिनीवर हव्यात. हँडल पूर्ण वळवलं तरी कोपर ताठ होता कामा नये. आणि गाडी आडवी झाली तर तिची तिला उचलता आली पाहिजे." लाल गाडीत तिन्ही नापास. मग तिने शेडमधून निळी काढली. बिनगिअरची, खरचटलेली, पुढचं प्लास्टिक चिकटपट्टीने जोडलेलं. माझ्या तोंडून निघून गेलं, की ही तर तिला अगदी बरोबर होते, पुढच्या वर्षी काय करायचं. बाई म्हणाली, "पुढच्या वर्षीची मुलगी पुढच्या वर्षी येईल. तेव्हा तिचं माप घेऊ. उद्या वळणावर ही असणार आहे."

 इतक्या वर्षांच्या धंद्यात मला कोणी असं बोललं नव्हतं.

भिंगरी निळ्या गाडीवर बसली. दोन्ही टाचा जमिनीला लागल्या. तिने त्या उचलल्या आणि परत टेकवल्या, पुन्हा उचलल्या, पुन्हा टेकवल्या, आणि खाली बघून हसत राहिली. मग ट्रॅकवर गेली. पहिल्या वळणाच्या आधी तिने गाडी मुद्दाम थांबवली, मोकळ्या जागेत, कुठेही भिंत नसताना, आणि माझ्याकडे वळून पाहिलं. मला तेव्हा रडू आलं. हे कोणी विचारलेलं नाही, तरी लिहून घ्यावं.

ठरलं ते असं, की भिंगरीच्या टाचा पोचेपर्यंत लाल गाडी बाईच्या शेडमध्ये राहील आणि तोपर्यंत भिंगरी निळी वापरेल. खात्री करायची असल्यास बाईंना फोन करावा. निळी गाडी मी भावाला दाखवायला घेऊन येत होते. त्याच्यासमोर काय बोलायचं ते टेम्पोत मनाशी जुळवत होते, तेवढ्यात चौकात हवालदारसाहेबांनी हात केला.

हे सांगत असताना भाऊ बाकावरून उठला. हवालदारसाहेबांनी त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही. तो भिंगरीला म्हणाला, "मला का नाही बोललीस? मी रागावलो असतो का?"

भिंगरी म्हणाली, "नाही. तू इतका खूश होतास, बाबा."

 भाऊ तिच्यासमोर खाली बसला, तिच्या पायातला बूट काढला आणि आत हात घालून चाचपून पाहिला. आत काही नव्हतं. दुसराही काढून पाहिला. मग तिचा पाय तसाच हातात धरून बसला. तिथूनच त्याने हवालदारसाहेबांना विचारलं, की निळी गाडी आज सोडता येईल का, उद्या मुलीची शर्यत आहे. हवालदारसाहेब म्हणाले, तक्रार तुमची आहे, तुम्ही म्हणाल तसं. भाऊ मला म्हणाला, "ताई, टेम्पोवाला थांबलाय ना?" आज दिवसभरात तो माझ्याशी एवढंच बोलला आहे. टेम्पोवाला थांबलेला आहे.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. खांद्याचे पॅड मला परत मिळाले आहेत, पण ते आता कोटाच्या कामाचे राहिलेले नाहीत. काज-बटणवाल्या बाईची मी माफी मागणार आहे.

वरील जबाब हवालदारसाहेबांनी मला सावकाश वाचून दाखवला. लाल गाडीच्या खरेदीच्या ठिकाणी "भावाने माया ठेवून गाडी घेतली" असं मी सांगितलं होतं, तिथे "भावाने मायेने गाडी घेतली" असं लिहिलं गेलं आहे. खोडून दुरुस्त करू का, असं त्यांनी मला विचारलं. मी भावाकडे पाहिलं. तो मुलीच्या बुटाची नाडी बांधत होता. मी म्हटलं, राहू द्या, तेही बरोबर आहे. म्हणून सही केली.