दिघाशीच्या जंगलात बोलायचं नाय

...आणि पहिलाच नियम काय, तर बोलायचं नाय! अहो, मग मला बोलावलंत कशाला? तुम्हाला सांगतो, रविवारी पहाटे साडेपाचला, डबा भरून, पडघ्याच्या हायवेवर ट्रकचा धूर खात उभा राहिलेला माणूस पक्षी बघायला आलेला नसतो, माणसं बघायला आलेला असतो! निदान मी तरी.

धामणकर नाक्याला माझं लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या पार्टचं दुकान. पुढे कारखाना, मागे कारखाना, खटखट खटखट... गिऱ्हाईक बोंबलून विचारणार, "भाय, पिकर है क्या?" मी बोंबलून सांगणार, "हैऽऽ!" दिवसभर घसा फाडायचा आणि संध्याकाळी घरी जाऊन कुलूप काढलं की... काय नाय. फ्रीज तेवढा घुर्र करतो. दिवाळीच्या आधी आमची आई गेली, आक्का म्हणायचो तिला. धाकटा भाऊ, भाविक त्याचं नाव, बायकोपोरं घेऊन काल्हेरच्या फ्लॅटवर राहतो. माझं लग्न? ते राहिलंच हो, विषय बदला. तर भाविक फोनवर बोलला, "दादा, जरा माणसांत जा." त्याच दिवशी मोबाईलवर जाहिरात आली, 'एक दिवस पक्ष्यांबरोबर.' आठ माणसं, बारा तास! मी बोललो, किती गप्पा होतील! आणि नियम काय? बोलायचं नाय!

आमच्या पुढारी निशाताई. कल्याणच्या, शाळेत विज्ञान शिकवायच्या, आता रिटायर. आवाज असा की बाजूच्यालाही कळू नये. "आपापली ओळख करून द्या... हळू." माझी पाळी आली. बोललो, "मी धनेश!" आता माझं हळू म्हणजे तुमचा लाउडस्पीकर. सगळ्यांनी झटकन दुर्बिणी वर केल्या, "कुठे? कुठे?" अहो, धनेश नावाचा पक्षी असतो, ही एवढ्या चोचीचा! ते आभाळात शोधतायत आणि हा धनेश खाली, डब्यात भाकरी-सुकट घेऊन! "मी... मी धनेश," बोललो. दुर्बिणी खाली आल्या, तोंडंही खाली आली. एवढी निराशा तर मी बघायला गेलेल्या मुलींनीही दाखवली नव्हती!

निघालो. दिघाशी गाव मागे पडलं, जंगल लागलं. पळस असा फुललेला, मी "वा!" बोललो... शूऽऽ! बोलायचं नाय! शिंकलो... शूऽऽ! अहो, शिंक काय विचारून येते? दुपारी डबे उघडले, वाटलं आता बोलतील. बोलले की! लेन्सबद्दल. बाजूच्याला विचारलं, "सुकट घेणार?" तर तो बोलतो, "त्याच्या शेपटीची कड पाहिलीत?" कुणाच्या? सुकटीच्या?

शेवटी मागे राहिलो, जिव्याबरोबर. जिव्या तिथल्याच पाड्यावरचा, वाट दाखवायला आलेला, साठीचा माणूस. मी त्याला आक्काचं सांगितलं, दुकानाचं सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं. दोन तास! तो हूं नाय की चूं नाय. ह्याला कुणी नियमही घातला नव्हता हो!

आणि चारच्या सुमाराला, एका उतारावर, मला दिसला. काळापांढरा, केळ्याएवढी पिवळी चोच, चोचीवर आणखी एक चोच ठेवल्यासारखी. आणि टोकात एक उंबर, अगदी जपून धरलेलं. हलत नाय, डुलत नाय. आता ओरडायचं तर नाय! जाऊन ताईंच्या खांद्यावर टकटक केलं. त्यांनी दुर्बीण लावली.

"कवड्या धनेश! इथे? ह्या दिवसांत?" कुजबुजल्या. "नर आहे. चोचीत फळ म्हणजे मादी ढोलीत बसलीय! ती स्वतःला आत लिंपून घेते, फट तेवढी ठेवते, आणि हा बाहेरून भरवतो. म्हणजे इथे घर आहे त्यांचं!"

सगळे खूश! एकाने चक्क माझा हात दाबला, पिशव्यांतून कॅमेरे निघायला लागले. तेवढ्यात जिव्या, दिवसभरात पहिल्यांदा, बोलला.

"न्हाय. घर न्हाय आता. गेल्या साली वादलात झाड पडला. मादी आतच व्हती. ह्यो तवापासून एकलाच येतो. फल घेऊन बसतो, मंग जातो."

खाली बघितलं तर खोड आडवं पडलेलं, वर वेल चढलेले. आणि समोर हा, उंबर धरून. माझ्या तोंडातून निघालंच हो, "मग आणतो कुणासाठी?"

लूमच्या आवाजात! उडाला. पंखांचा असा सूंऽ सूंऽ आवाज आणि पलीकडच्या डोंगराआड गडप. फोटो एकाचाही नाय. सगळे एकदम, "शूऽऽ!" आता काय शूऽऽ? गेला तो!

पडघ्यापर्यंत माझ्याशी कुणी बोललं नाय. म्हणजे आधीही बोलत नव्हते, पण आता मुद्दाम.

संध्याकाळी घरात पाय धूत होतो तर ताईंचा फोन. वाटलं, झापणार. पण बोलल्या, "धनेशराव, तुम्हालाच तो आधी दिसला. फोटो नाही, तेव्हा पक्ष्याच्या नोंदीत तुम्ही केलेलं वर्णन हवं. बोला." बोला! मला बोला बोलल्या! ओल्या पायांनीच खुर्ची ओढून बसलो.

"किती होते?"

"एक."

"नर?"

"नर."

"काय करत होता?"

मी बोललो, "वाट बघत होता."

ताई हळूच बोलल्या, "असं नाही हो लिहिता येत. ते आपल्याला कसं कळणार? 'फांदीवर बसला होता' असं लिहिते. चालेल?"

आता काय भांडणार? बोललो, "लिहा, ताई. लांबून तसंच दिसतं."