चौकट सोडल्यावर

हॅलो?… हो, दिपमाला बोलतेय, जळगावहून. हरवलेल्या माणसांची वेबसाइट ना? मीच बनवलीय… कोण? सविता. पिंपळनेरहून… ताई, सावकाश बोला… वय किती तुझं, बावीस? मग तूच म्हणते. अगं, ऐक ना. आधी श्वास घे.

हं… वडील. तोतारामभाऊ. जामनेरला बहिणीकडे जातो म्हणून डिसेंबरात निघाले… हो, हो, विसरायचे. कळलं.

मग फॉर्म भरायला घेतलास. नाव, वय… आणि गोंदणाच्या चौकटीत?… 'तोताराम सुंदर'. सुंदर म्हणजे आई. बरं.

…आणि पुढच्या चौकटीत गेलीस, तर खाली आलं.

'मृत'… हो. फोटोसुद्धा.

नाही गं, तुझं काही चुकलं नाही… नाही दाबलंस तू बटण, माहितीये मला. ते बटणाची वाट बघतच नाही. एक चौकट भरून बाहेर पडलं, की तेवढंच आमच्या सर्व्हरकडे जातं. तो नोंदी शोधतो आणि जुळलेली तिथेच दाखवतो…

मी. मीच लिहिलंय ते.

का म्हणजे… एकाच माणसाची दोन-दोनदा नोंद व्हायची. तेव्हा आमच्या संस्थेचेच लोक फॉर्म भरायचे. मग तो सगळ्यांसाठी खुला केला, आणि… समोर लेक बसलेली असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही… हो. चूकच आहे. माझी.

थांब, नोंद उघडते… वाचू?… बोदवड स्टेशन. नऊ जानेवारी, सकाळी. बाकावर होते. झोपेतच गेले, असं डॉक्टरांनी लिहिलंय… नाही, जखम कुठेच नाही.

फोटो… त्यांचाच?… नक्की ना?… हं.

अग्नी आमच्या संस्थेतल्या पितांबरभाऊंनी दिला. आठ दिवस वाट बघून. हातावरचं नाव वाचलं होतं त्यांनी… हो, नाव घेऊनच दिला. अस्थी ठेवल्यात, चिठ्ठी लावून.

उद्या? ये ना. मी बोदवडला येते. पोलिसांकडेही सोबत येईन, एकटी जाऊ नकोस.

आणि फॉर्मचं ते आपोआप दाखवणं आजच बंद करतेय मी. नोंद जुळली तर माझ्याकडे येईल, मग मी फोन करीन. पडद्यावर काही दिसणार नाही… हो, तुला उपयोग नाही त्याचा. खरंय.

काय?… आईला अजून सांगितलंच नाहीस?… दारात उभ्या आहेत? कोणाचा फोन म्हणून विचारतायत?

नको, सविता, हे मी कसं… बरं. रडू नकोस. दे. अहिराणीतच बोलते त्यांच्याशी. तू त्यांच्याजवळच बस.

…

सुंदरआक्का?… मी दिपमाला, जळगावथीन… हो, मन्हं माहेर साक्रीकडलंच शे. आक्का, सविता जोडेच शे ना? पहिले बठी जा.

बठन्यात?

तोतारामभाऊ सापडनात, आक्का. पन… गयात ते.

…

हो… शे मी. बोला.

…

जेवेल व्हतात का?… ते माले माहित नही, आक्का.

…नही. तसं काही लिखेल नही आठे.

…

हो, आक्का… ठेवा. नही, पहिले तुम्ही ठेवा.