डासांचं आजोळ

दवाखान्याच्या ओसरीत कादी भावाच्या रिपोर्टची वाट पाहत बसली होती. शेजारी कापूस पिकवणारा, बोबो जमातीचा शेतकरी, पलीकडे दूध विकणारी, फुलानी जमातीची म्हातारी. बुर्किना फासोत या दोन जमातींची माणसं भेटली की थट्टेत एकमेकांना गुलाम म्हणणारच. राग धरायचा नाही, ही रीत.

"बोबो ना रे तू? तरीच म्हटलं, बाकाला दारूचा वास कुठून आला."

"आणि तू फुलानी. माझ्या आजोबांची गुलाम."

"मालकिणीशी नीट बोल. कोण आजारी आहे?"

"बायको. मलेरिया. औषधाची मच्छरदाणी लावूनसुद्धा."

"माझ्या नातीचंही तेच. डास जाळीवर बसतात, पाय चोळतात आणि उडून जातात. पूर्वी पटापट मरायचे."

"नर्सबाई म्हणतात, औषधाला सरावलेत."

"सरावणारच. कापसावर तुम्ही तसलंच फवारता. लहानपणापासून तेच पितात मेले."

"पण जन्मतात कुठे? तुझ्या गाईंच्या खुरांच्या डबक्यात."

"बरं, बाळंतपण माझ्याकडे, शाळा तुझ्याकडे. आता मिळून लग्नं लावू त्यांची."

नर्सबाई दारात आल्या.

"आजी, नातीला आत्ताच रक्त चढवावं लागेल. नात्यातलं कोणी आहे?"

"मीच आहे, बाई. माझ्यात काय उरलंय?"

"माझं घ्या," बोबो उठला. "कुणालाही चालतं, असं तुम्हीच मागे म्हणाला होतात. हिचा मालक आहे मी, म्हणजे नात्यातलाच."

"बोबोचं रक्त? पोर उद्यापासून दारू मागेल."

"मागू दे. दुधाला कंटाळली असेल."

म्हातारीने स्वतःच त्याची बाही दुमडून वर सरकवली.

"जपून घ्या हो, बाई. एकुलता एक गुलाम आहे माझा."