खुर्चीतली बाई

नाटकाच्या तिकिटांच्या रांगेत माझ्यापुढे दोघी बहिणी होत्या. थोरलीच्या डोक्याला रुमाल बांधलेला, भुवया पार विरळ झालेल्या.

“विनोदीच आहे ना गं नक्की?”

“हो ताई. चार साध्या बायका इस्पितळाच्या मदतीसाठी स्टेजवर मुंडण करून घेतात.”

“खरंखुरं? मग पुढच्या गावात काय करतात?”

“चौघींना टोप असतात. पण शेवटी त्या त्या गावातली एक बाई खरंच खुर्चीत बसते.”

“अगं बाई! आपल्याकडची कोण?”

“आधी सांगत नाहीत.”

“घरी विचारलं असेल का तिनं?”

“विचारलं असतं तर बसू दिलं असतं होय?”

“धीराची आहे हो! आणि तू आज अंबाडा सोडून वेणी कशी घातलीस?”

“ताई, तिकीट एकच काढ, पहिल्या रांगेतलं. मला मागच्या दारानं बोलावलंय.”